बारा पुरुषांचा पाळणा

पुण्यात एकट्याने केलेली चूक पेठ जन्मभर विसरत नाही. तीच चूक बारा जणांनी मिळून केली, तर दुसऱ्या वर्षापासून तिला रिवाज म्हणतात. हे सत्य यज्ञेश्वराला माघी पौर्णिमेच्या सुमारास, दप्तरात मोडी अक्षरांच्या रांगा लावीत असता, अकस्मात उमगले. त्या क्षणी त्याला हर्षाचे असे काही भरते आले की हातातला बोरू थबकला आणि एका सरदाराच्या नावावर शाईचा मोठा थेंब पडला. एरवी अशा थेंबापायी तो दोन दिवस जेवला नसता. त्या दिवशी मात्र तो गालातल्या गालात हसला. शेजारच्या कारकुनांनी ही गोष्ट चिंताजनक म्हणून लक्षात ठेवली.

निमित्त असे होते. नारायण पेठेतल्या राममंदिरात रामनवमीला, ऐन मध्यान्ही, देव जन्मला की पाळणा म्हणण्याचा मान यज्ञेश्वराच्या घराण्याकडे होता. वडील तो दरवर्षी एकटे म्हणत, आणि पेठेतली माणसे त्या आवाजाची आठवण पुढच्या चैत्रापर्यंत पुरवून पुरवून काढीत. यंदा वडील काशीयात्रेला गेले होते. तेव्हा मान आपल्या पायांनी चालत यज्ञेश्वरापाशी आला आणि दारात उभा राहिला.

यज्ञेश्वराला गळा नव्हता असे कोणी म्हणू नये. आरतीच्या गर्दीत, झांजांच्या आडोशाला, त्याचा आवाज असा मोकळा फिरे की त्याचे त्यालाच नवल वाटे. परंतु चार माणसे गप्प बसून आपल्याकडे पाहत आहेत एवढे कळले, की तो आवाज कासवाने मान ओढून घ्यावी तसा आत जाई, आणि मागे राहिलेला मनुष्य नुसता पापण्या मिटवीत उभा राही. आणि मंदिराचा नियम कडक होता. ज्या वर्षी पाळणा झाला नाही, त्या वर्षापासून मान पुढच्या घराकडे जायचा. पुढचे घर विसाजीपंतांचे. त्यांचे घराणे दोन पिढ्या, पाण्यात उभ्या बगळ्याच्या शांततेने, वाट पाहत होते.

तर त्या दुपारी यज्ञेश्वराला उमगले ते हे, की पाळणा एकट्यानेच म्हणावा असे कोठेही लिहिलेले नाही. बारा जणांनी एका सुरात म्हटला तर? बारा गळ्यांत आपला एक गळा मिसळून गेला, तर त्याला कोण शोधणार? आणि त्याहून गोड कल्पना अशी, की तो नाद कसा असेल! नदीला नदी मिळावी तसा. संध्याकाळी दप्तर सुटल्यावर तो लकडी पुलापर्यंत उगाच चालत गेला आणि पाण्याकडे पाहत उभा राहिला. त्याच्या मनात बारा माणसे गात होती.

दुसऱ्या दिवशी त्याने ही गोष्ट एका माणसाला विश्वासाने सांगितली; म्हणजे तिसऱ्या दिवशी ती पेठेत सर्वांना ठाऊक झाली. सल्ल्यांची तूट पुण्यात कधीच पडली नाही. कोणी म्हणाले, बारा कशाला, सोळा घ्या, खांब सोळा आहेत. कोणी म्हणाले, गाणाऱ्यांना आधी महिनाभर मौन धरायला लावा. खुद्द विसाजीपंत सकाळी ओट्यावर आले, पानदान पुढे ओढले, आणि आपण मदतीला येणार असे त्यांनी जाहीर केले. यज्ञेश्वराला गहिवरून आले. त्यावर पंत शांतपणे म्हणाले, "अहो, बुडणाऱ्याला काठावरून पाहण्यापेक्षा नावेत बसून पाहिलेलं बरं. नीट दिसतं."

आत्याबाईंचे मत मात्र कोणी विचारले नाही. मथुराबाई ही वडिलांची धाकटी बहीण. पलीकडच्याच आळीत दिलेली. भरल्या घरची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि बोलणे त्या किल्ल्यांपेक्षाही मोजके. त्या ताकाची लोटी घेऊन आल्या असता त्यांनी बारा पुरुष पाळणा म्हणणार ही वार्ता ऐकली, आणि विचारले, "जन्म देणारही तेच का?" एवढे बोलून त्या गेल्या. यज्ञेश्वराने याचा अर्थ आशीर्वाद असा घेतला.

तालमीसाठी रोज दिवेलागणीला मंदिराच्या सभामंडपात जमायचे ठरले. त्यासाठी चावडीची परवानगी हवी होती. यज्ञेश्वर दप्तरातला मनुष्य. कागदाशी त्याचे रक्ताचे नाते. त्याने सुरेख अक्षरात अर्ज लिहून नेला. चावडीवरच्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि अक्षराची स्तुती केली. पुढे त्याने विचारले, हे कीर्तन आहे काय? असल्यास हरिदासाचे नाव काय? यज्ञेश्वर म्हणाला, हरिदास नाही. मग भजन? तर टाळ नाहीत. गोंधळ? तर संबळ नाही. तमाशा म्हणावा तर कारकून स्वतःच लाजला. यज्ञेश्वराने पुन्हा एकदा समजावले, की बारा माणसे एकाच वेळी, एकच गोष्ट, एकाच सुरात म्हणणार आहेत.

कारकुनाने बोरू खाली ठेवला. "पंत, ह्या शहरात बारा माणसं एकाच वेळी तोंड उघडतात, त्याला आमच्याकडे एकच सदर आहे. कज्जा."

"पण आम्ही भांडणार नाही."

"ते पहिल्या दिवशी सगळेच म्हणतात."

शेवटी कज्जा ह्याच सदराखाली परवानगी मिळाली. अर्जदाराने व त्याच्या अकरा सोबत्यांनी रामनवमीपर्यंत रोज दिवेलागणीस देवालयात कज्जा करावा, हाणामारी करू नये, आणि बंदोबस्तास चावडीचा एक प्यादा हजर राहावा. दप्तरातल्या इभ्रतदार कारकुनाच्या नावावर हा कागद झाला, याचे दुःख यज्ञेश्वराला व्हायला हवे होते, आणि झालेही; परंतु घरी पोहोचेपर्यंत त्या दुःखाला चाल लागली आणि तो ते गुणगुणू लागला.

प्यादा आला तो गेनबा. भरदार छातीचा, मिशीवाला, हातात काठी. पहिल्या दिवशी तो खांबाला टेकून बसला आणि कज्जा केव्हा सुरू होतो याची वाट पाहू लागला. त्याला फार थांबावे लागले नाही.

जमलेल्या बारांत चार वैदिक होते. त्यांना घेण्याचा सल्ला सर्वांत थोरामोठ्यांचा होता. अनेकांनी एका सुरात म्हणण्याची विद्या ह्या भूमीवर कोणाजवळ असेल तर ती त्यांच्याजवळ, हे निर्विवाद. त्यांतले मुख्य बाळंभट घनपाठी. घनपाठ म्हणजे शब्द पुढून मागे आणि मागून पुढे गुंफीत म्हणणे. वेदातले अक्षर हलू नये म्हणून पूर्वजांनी बांधलेली ती भिंत. बाळंभटांना दुसऱ्या रीतीने काही म्हणताच येत नसे. पाळण्याची ओळ त्यांच्या हाती देताच त्यांनी डोळे मिटले, हात उचलला, आणि चौघांनी गगनभेदी आवाजात म्हटले, "बाळ निजला निजला बाळ बाळ निजला सुखे सुखे निजला बाळ बाळ निजला सुखे." त्या एका ओळीत प्रभू इतक्या वेळा निजले आणि उठले, की कोणत्याही आईने पाळणा सोडून रानात जावे. बाहेर रस्त्यावरचे लोक थांबले. शिमग्याला अजून पंधरा दिवस होते. यंदा लवकर आला असे समजून दोघांनी उत्तरादाखल बोंबही मारली.

दुसरी अडचण शब्दांची. पाळण्याची पहिली ओळ अशी: "भर दुपारी चंद्र उगवला, सई ग, जो जो रे." यावर एकाने शंका काढली, की बारा दाढीमिशांच्या पुरुषांनी सई ग म्हणून कोणाला हाक मारायची? हा प्रश्न कोणाला सुचला नसता तर बरे झाले असते. पण पुण्यात एकदा सुचलेला प्रश्न परत नेता येत नाही. तीन दिवस चर्चा झाली. एक दिवस "सई ग"च्या जागी "अहो" घालून पाहिले. "भर दुपारी चंद्र उगवला, अहो" हे बारा आवाजांत असे काही उमटले, की जणू कोणी तरी कोणाच्या तरी चोरीची खबर चावडीवर देत आहे. गेनबा तर उठूनच उभा राहिला. मग मूळ शब्द परत आले.

तिसरी अडचण मोठी होती. बाराही जण पुढारी होते. प्रत्येकाने आपण सुरू करावे व इतरांनी मागे यावे अशा तयारीने सुरुवात केल्यामुळे एकाच पाळण्यात बारा मुले असल्यासारखे वाटे, आणि सर्व रडत असल्यासारखे. विसाजीपंत मध्येच थांबून शेंडीवरून हात फिरवीत आणि पाळणा छान बुडतो आहे असे समाधानाने सांगत.

अशा वेळी भैरू सापडला. हा एका शाहिराच्या फडात वीस वर्षे झील धरणारा. शाहिराने ओळ टाकली की ती मागून उचलून उंच, ताणून, आभाळाला लावणारा. फड मोडला, भैरू एका सरदाराच्या तबेल्यात लागला, पण गळा तसाच तेजदार होता. यज्ञेश्वराने त्याला बोलावले. भैरूने एक सांज नुसते ऐकले, आणि मग म्हणाला, "पंत, इथं समदं म्होरं हायेत. मागं कुणीच न्हाई. मागं राह्यला शिकवावं लागंल."

यज्ञेश्वराच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर जे मागे राहणे त्याने लपवले होते, ती एक विद्या होती आणि तिला उस्ताद होता. भैरूने त्या विद्वानांना श्वास कोठे चोरायचा, शेजाऱ्याचा आवाज आपल्या आवाजात कसा घ्यायचा, आपला आवाज आपल्याला ऐकू येऊ लागला की तो चुकला असे कसे समजायचे, हे शिकवले. बाळंभटांना हे शेवटचे वाक्य इतके पटले, की त्यांनी ते वेदान्तात घातले. आणि पुढारी नको म्हणून ओळ कोणी टाकायची, याचाही तोडगा निघाला. मंदिराच्या नगारखान्यातले सनईवाले दादामियाँ रोज संध्याकाळची वाजवण्याची पाळी आटोपून उतरत. त्यांनी मंडपाच्या पायरीवर बसून पहिली ओळ सनईवर वाजवावी, आणि बाराजणांनी झिलीसारखी ती उचलावी. सनईला घराणे नाही, मानपान नाही, आणि ती कोणाचा शेजारीही नाही. सर्वांनी हे मान्य केले.

मग जे घडू लागले, ते सांगताना यज्ञेश्वराला पुढेही शब्द सापडले नाहीत. फाल्गुन उलटता उलटता, एका संध्याकाळी, दादामियाँची सनई थांबली, आणि तिच्या जागी बारा माणसांचा एकच आवाज मंडपात उभा राहिला. खांबांना तो कळला. कबुतरे उडाली नाहीत. विसाजीपंतांनी डोळे मिटले होते आणि त्यांना काय होत होते ते त्यांनी कोणालाच सांगितले नाही. खांबाशी बसलेला गेनबा, बंदोबस्ताचा विसर पडून, तळातून असा काही घुमत होता की दगडी फरशीला कंप जाणवे. तेव्हा ते बारा होते की तेरा, हे चावडीने विचारले नाही. यज्ञेश्वर त्या नादात उभा होता आणि त्याला आपला आवाज ऐकू येत नव्हता. घरी जाताना तो धावला. दप्तरातला कारकून, पगडी सावरीत, रस्त्याने, विनाकारण धावला. आणि हे पेठेने दोन खिडक्यांतून पाहिले.

नवमी उजाडली. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष पुढे, मागे लाकडी कठड्याआड बायका, गाभाऱ्यात फुलांनी मढवलेला पाळणा. ब्राह्मण घटिकापात्रावर डोळे लावून बसलेले. पात्र पाण्यात बुडाले की मध्यान्ह. बाराजण शुभ्र उपरणी घेऊन दोन रांगांत उभे. कज्ज्याचा बंदोबस्त म्हणून गेनबाही मागे उभा, नवीन मुंडासे बांधून. यज्ञेश्वर इतका आनंदात होता की त्याला भीतीची आठवणच राहिली नव्हती. पात्र डुगडुगले. कोणी तरी म्हणाले, आता. त्याने सहज पायरीकडे पाहिले. पायरी रिकामी होती.

त्याच क्षणी पात्र बुडाले, गुलाल उधळला, आणि वर नगारखान्यात चौघडा झडला. चौघड्यावर दादामियाँची सनई, देव जन्मल्याची वर्दी साऱ्या पेठेला देत, आभाळात गेली.

अर्थात ती तेथेच असायला हवी होती. दादामियाँ जन्माच्या वेळी नगारखान्यात असतात हे पेठेतल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक होते. पूर्वीपासून असतात. महिनाभर रोज बाराजण त्यांच्या सनईची वाट पाहून गाणे शिकले, वेदान्तापर्यंत जाऊन आले, आणि ऐन जन्माच्या घटकेला दादामियाँ कोठे असतील, हे एकालाही सुचले नाही. हे विद्वत्तेशिवाय शक्य नव्हते.

चौघडा थांबला. पाळण्याची दोरी पुजाऱ्याच्या हातात तशीच राहिली. बाराजण मागे राहायला इतके उत्तम शिकले होते, की पुढे कोणीच नव्हते. बाळंभटांनी अदबीने विसाजीपंतांकडे हात केला. विसाजीपंतांनी त्याहून अदबीने तो परत केला. ही अदब त्यांनी दोन पिढ्या जपून ठेवली होती. यज्ञेश्वराने रांगेबाहेर उभ्या भैरूकडे पाहिले. भैरू कुजबुजला, "न्हाई पंत. झीलकऱ्यानं वळ टाकायची न्हाई. जल्मात टाकली न्हाई." हा त्याचा धर्म होता आणि त्याला हात लावण्याचा अधिकार कोणाला नव्हता.

मंडपातली सर्व माणसे गप्प होती. सर्व माणसे यज्ञेश्वराकडे पाहत होती. नेमकी तीच गोष्ट, जी घडू नये म्हणून त्याने बारा माणसे, एक प्यादा, एक सनई आणि चावडीचा कागद एवढी तटबंदी उभारली होती. विसाजीपंत अगदी हळू, जवळजवळ मायेने म्हणाले, "राहू द्या, पंत. मानाचं मी पाहतो. तुम्ही घशाला जपा."

यज्ञेश्वराने तोंड उघडले.

आवाज आला. पण तो त्याचा नव्हता; भीतीने टोचून वर उडवलेला, पतंगासारखा भलत्याच उंचीवर गेलेला. "भर दुपारी चंद्र उगवला" हे शब्द मंडपाच्या कळसाशी जाऊन थरथरत उभे राहिले. बाकीच्यांनी छाती भरून घेतली, उचलायला गेले, आणि त्यांना कळले की त्या उंचीला पुरुषाचा हात पोहोचत नाही. बाळंभटांचा गळा वाटेतच फुटला. विसाजीपंतांचा आवाज ओठांतून बाहेरच आला नाही. यज्ञेश्वर एकटा, वर, त्या ओळीच्या टोकावर लोंबकळत राहिला; श्वास संपत आला; खाली त्याला सारे जग दिसत होते आणि ते विसाजीपंतांच्या घराण्याचे होते.

आणि कठड्यामागून कोणी तरी ती ओळ अलगद हातात घेतली. "सई ग, जो जो रे." एका आवाजाने, मग दहा आवाजांनी, मग सगळ्या बायकांनी. त्यांना ती उंची मुळीच उंच नव्हती. ती त्यांची रोजची वाट होती. कोणी श्वास मोजला नाही, कोणी कोणाकडे पाहिले नाही. कोणाच्या कडेवर मूल होते, ते मूल झोपू लागले. भैरूच्या डोळ्यांत एकदम दिवा लागला. ओळ पडली होती, त्याचा धर्म मोकळा झाला होता. त्याने झील धरली ती त्या आवाजांच्याही वर. मग खालून, फरशीतून उगवावा तसा गेनबाचा आवाज आला, आणि त्या पायाखालच्या आवाजावर एकेक करून बाराही जण उभे राहिले. वर बायका, खाली पुरुष, मध्ये गुलालाने लाल झालेले ऊन. दोरी हलली. पाळणा हलला.

असे कधी कोणी ऐकले नव्हते. दुसऱ्या कडव्याला यज्ञेश्वराच्या लक्षात आले की आपण गात आहोत. तिसऱ्याला त्याने त्या पुरात आपला आवाज शोधून पाहिला. तो सापडला नाही. त्याला असे हसू फुटले की डोळ्यांतून पाणी आले, आणि गुलालामुळे ते कोणाला कळले नाही. अकरा कडवी केव्हा संपली हे त्याला समजले नाही. संपूच नयेत असे वाटणारी एकच गोष्ट त्याच्या आयुष्यात घडत होती.

सुंठवडा वाटताना विसाजीपंत आले. त्यांनी चिमूट तोंडात टाकली, बराच वेळ चघळली, आणि म्हणाले, सूर वाईट होता, परंतु माणसे चांगली होती. मानाविषयी ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी तालीम कोणत्या तिथीपासून, एवढे मात्र त्यांनी विचारले.

गर्दी ओसरल्यावर मथुराबाई कठड्याबाहेर आल्या. यज्ञेश्वर धावत त्यांच्याकडे गेला. त्याला एकाच वेळी पुष्कळ बोलायचे होते: की वडील जे एकट्याने करीत ते आपल्याकडून झाले नाही, पण जे झाले ते किती वेगळे, किती नवे झाले, की पेठेत पाळणा सर्वांनी मिळून म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

आत्याबाईंनी त्याच्या कपाळावरचा गुलाल पदराने पुसला.

"तुझा बाप एकटा म्हणायचा, हे तुला कोणी सांगितलं?"

यज्ञेश्वर गोंधळून म्हणाला, की आपण दरवर्षी वडिलांच्या शेजारी उभे राहून ऐकले आहे.

"शेजारी उभा राहून त्याचे ओठ पाहत होतास म्हणूनच," मथुराबाई म्हणाल्या. "आम्ही दरवर्षी म्हणतो. आमच्या सासवाही म्हणत. हलक्या आवाजात, त्याच्या मागून. त्याची पहिली ओळ अर्ध्यात तुटायची, दरवर्षी तुटायची. मग तो नुसता ओठ हलवायचा आणि आमची वाट पाहायचा."

किल्ल्यांचा जुडगा सावरून त्या निघाल्या. पायरीवर थांबून एवढेच म्हणाल्या, "तू निदान ओळ पुरी केलीस. आता त्याला काशीला पत्र घालशील, तेव्हा हे तेवढं लिहू नकोस. बिचारा परत यायचा नाही."